पिवळं तोंड, लाल तोंड

नातीने माझ्या फोनमध्ये मनाची डायरी टाकून दिली, तेव्हा मी तिला हसले होते. मी चौथी शिकलेली. वर डोंगरात कुडपणला एकटी राहायची, एक म्हैस आणि थोडी नाचणी. मला डायरी कशाला? पण आजोबा गेल्यापासून आजी चिडचिडी झाली, असं तिचं म्हणणं.

"आज्ये, रोज संध्याकाळी फोन इचारेल, आज कसं वाटतंय. तू तोंड निवडायचं. बरं वाटलं तर पिवळं, राग आला तर लाल. मग मनातलं बोलायचं. लिहायला लागत नाय."

"नि ऐकणार कोण?"

"कोण नाय गो. तुझं तुलाच."

पहिले काही दिवस वेड्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू, नंतर बरं वाटायला लागलं. सणाला आलेल्या सुनेच्या आमटीला चव नाही हे सुनेला सांगितलं तर घर पेटतं, फोनला सांगितलं तर झोप लागते. मेलेल्या नवऱ्यालाही त्यात पोटभर शिव्या दिल्या. विहिरीच्या पायरीवर घसरले, गुडघा सुजला, तेही बोलले. शेजारणीला मात्र कळू दिलं नाही. एकटी बाई पडली की सारा गाव शहाणपण शिकवायला येतो.

आमच्या घरात रेंज नसते. कोणाला फोन लावायचा तर माळावर चढावं लागतं. म्हणून घरात बोललेलं घरातच राहतं, अशी माझी समजूत. सकाळी म्हैस घेऊन मी माळावर जायची, फोन कमरेला खोचलेला. तिथे रेंज मिळाली की आदल्या दिवशीचं सगळं खाली बिरवाडीला, मुलाच्या फोनवर जायचं. नातीने तसं जोडून ठेवलं होतं, हे मला मागाहून कळलं. म्हणजे माझं मन रोज माळावर नेऊन मीच पोचतं करत होते.

मुलगा कारखान्यात आहे. बिरवाडीला भाड्याच्या खोलीत राहतो. एक दिवस बायको-मुलीला घेऊन तो टेम्पोतून आला.

"आये, भांडी बांध. म्हशीला गिऱ्हाईक बघितलंय."

"का? मला काय धाड भरलेय?"

"इहिरीवर पडलीस ते सांगितलंस?"

मी विचार करत होते, ह्याला कोण बोललं. तेवढ्यात सून म्हणाली, "आणि माझी आमटी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, नाय का?"

हे शब्द मी फोनशिवाय कोणाजवळ काढले नव्हते. मी नातीकडे बघितलं. ती म्हशीकडे बघत होती.

"काळजीनं केलं गो, आज्ये."

काळजी असती तर सांगून केलं असतं. चोरून करायची ती कसली काळजी?

"तुझं मन बरं झालं की परत आणून सोडतो," मुलगा म्हणाला. तेवढंच मी धरून ठेवलं. म्हैस गेली, घराला कुलूप लागलं.

बिरवाडीत मी रोज पिवळं तोंड दाबलं. गुडघा ठणकला, तरी पिवळं. म्हशीची आठवण आली, तरी पिवळं. 'आमटी छान झाली' असंसुद्धा बोलले. मन बरं झालेलं त्यांना दिसायला हवं होतं ना. पावसाळा जवळ आला तेव्हा मुलाला म्हटलं, "आता सोड मला वर. नाचणी पेरायचे दिवस आले."

"वर कशाला? तुला इथं मानवलंय की!" त्याने फोन माझ्यापुढे धरला. "बघ, सगळी पिवळी."

त्या संध्याकाळी मी लाल दाबलं आणि पोटात होतं ते सगळं ओकले. सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "असा राग राग करतेस, तर तुला एकटीला वर ठेवायची कशी?"

तो कामावर गेल्यावर मी नातीपुढे फोन टाकला. म्हटलं, "माझ्या फोनातलं हे काढ."

ती म्हणाली, "पप्पांना इचारून सांगते."