पदराबाहेरचे हात

गेल्या वर्षी मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात वजनावरच्या एका संशोधनात सहभागी म्हणून जायचे. भूक पोटात नाही, मेंदूत ठरते म्हणे. बाकावर शेजारी बसणाऱ्या भाजीवालीला मी हे सांगितलं, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली.

ती देवळीहून यायची, सोरायसिसच्या नव्या मलमाच्या चाचणीसाठी. नाव मी कधी विचारलं नाही. एरवी पदराखाली झाकलेले खवलेदार हात ती आत बोलावण्याच्या कितीतरी आधी उघडे करून मांडीवर ठेवायची.

“काहींना औषध नसलेलं, नुसतंच साधं मलम देतात,” मी एकदा म्हटलं. “तुम्हाला तेच मिळालं असेल तर?”

“असू दे ना बाई. डॉक्टरीनबाई हात हातात घेऊन पाह्यते. हे लागत नाई कोनाले, तरी गावचा कासार बांगड्या समोर ठेवून देते, भरत नाई. तुमची भूक डोक्यात असंल. माही या हातात हाय.”

तिची चाचणी संपली त्या दिवशी आम्ही स्टँडवर सोबत आलो. मी तिचा हात हातात घेतला. देवळीची बस लागली, भरली, सुटली. तिने हात काढून घेतला नाही.