बसण्याचे दोन मार्क: बीडचे चार बार

"बीडचे बार कधी?" हा प्रश्न या ब्लॉगवर इतक्या वेळा आला की मी उत्तर देणं सोडून दिलं होतं. जालना झालं, परभणी झालं, लातूर तर दोनदा झालं, आणि स्वतः बीडचा माणूस बीडला हात लावत नाही म्हणजे काहीतरी गोम आहे, असं एका वाचकाने लिहिलं होतं. गोम होतीच. गेल्या आठवड्यात जाऊन आलो. चार बार पाहिले, त्यातल्या तीनच बारना मार्क दिले. हे वाचून तुम्हाला तिकडे जावंसं वाटेल, अशी आशा मात्र मला नाही.

नव्या वाचकांसाठी सांगतो. आपल्याकडे बार दहा मार्कांचा असतो. पाणी, चकणा, उजेड, मुतारी आणि बसणं, प्रत्येकी दोन. ही पद्धत माझी नाही, दिल्याची आहे. दिल्या म्हणजे दिलीप, माझा शाळेपासूनचा दोस्त. बीडच्या एका आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवतो. बारमध्ये शिरला की मेन्यूकार्डाआधी तो स्विचबोर्ड बघायचा. उघडी वायर दिसली की उजेडाचे दोन्ही मार्क कापायचा, मग दिवे कितीही लखलखीत असोत. 'बसणं' हाही विषय त्यानेच घातलेला. ग्लास रिकामा झाल्यावर वेटर किती मिनिटांनी "सर, अजून काय?" म्हणत येतो, ते तो घड्याळ लावून बघायचा. पाच मिनिटांत आला तर शून्य. अर्धा तास कुणी फिरकलं नाही तर दोन. "दारू कुटंबी मिळती बे," म्हणायचा. "मानसाला बसू कोन देतं, ते बघायचं." मी तेव्हा हसायचो.

'बसणं' या शब्दाचा आपल्याकडचा दुसरा अर्थ तुम्हाला सांगायला नको. "बसायचं का?" असं कुणी विचारलं की तो खुर्चीबद्दल बोलत नसतो. तीन वर्षांपूर्वी दिल्याचं हे बसणं फारच वाढलं, तेव्हा सुनीतावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मला बाजूला घेतलं. "भावजी, तुमी तरी यांच्यासंगं बसू नका." मी शब्द दिला. यंदा होळीला दिल्याचा फोन आला, "सुऱ्या, ये ना, बसू एकदा." मी म्हणालो, "नाही रे दिल्या, आता नाही बसायचं. तब्येत सांभाळ." उन्हाळ्यात पुन्हा फोन आला, आषाढात पुन्हा. तिन्ही वेळा मी हेच वाक्य म्हटलं आणि तिन्ही वेळा फोन ठेवल्यावर स्वतःवर खूश झालो. मग त्याचे फोन यायचे थांबले.

दिवाळी सरली आणि वहिनींचा फोन आला. दिल्या सकाळी नवाला घर सोडतो, मोबाइल बंद करतो, रोज वेगळ्या बारमध्ये जातो, डोळे पिवळे झालेत, नोकरी जायच्या बेतात आहे. इथे संभाजीनगरला एका दवाखान्यात व्यसन सोडवायच्या वॉर्डमध्ये त्याच्यासाठी सोमवारचा बेड मिळाला होता. अट एकच, माणसाने स्वतः येऊन फॉर्मवर सही करायची. "तुमचं ऐकतेल ते," वहिनी म्हणाल्या. "त्येंचे सगळे बार तुमालाच ठावं हायेत." म्हणून शनिवारी सकाळी निघालो. बार बघायचे होते ते दिल्याला शोधायला. मार्क देणं ही सवय.

रस्त्याचं म्हणाल तर सोलापूर हायवे चौपदरी आणि गुळगुळीत आहे, अडीच तासांत बीड. शहागडला गोदावरीच्या पुलाअलीकडे गरम भजी मिळतात, तिथे थांबा. गेवराईच्या पुढे ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर लागले. ट्रॉलीत गोधड्या, पत्र्याची पेटी, चूल, वर बांधलेली शेळी आणि शेळीला टेकून झोपलेली माणसं. अशा दहा-बारा ट्रॉल्या तरी ओलांडल्या. अख्खी गावं दर वर्षी अशी उठून जातात आणि आपण शेजारून ऐंशीच्या वेगाने पुढे निघतो.

पहिला बार एसटी स्टँडच्या मागचा. नावं मुद्दाम देत नाही, कुणाचा धंदा बुडवायचा नाही. भर बारा वाजता आत अंधार, टेबलांवर कालचं ओलं फडकं फिरवलेलं. गाडी असली की मी सोडाच घेतो, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. सोडा संपला आणि चार मिनिटांत वेटर उभा. "अजून काय?" मी दिलीप सरांबद्दल विचारलं.

"वायरमन सर? लई दिवस झाले. त्येंचं जमंना आमच्या मालकाशी."

"का? उधारी?"

"उधारी कशाची! एका सोड्यावर दोन-दोन तास बसायचे. मालक म्हनला, टेबल अडवतंय हे. मंग मलाच सांगावं लागलं, सर, उठा म्हनून."

मी म्हटलं, तुझी काहीतरी गल्लत होतेय, सोड्यावर बसणारा तो दुसरा कुणीतरी असेल. तो म्हणाला, गल्लत कशी होईल, माझ्या घरातला मीटर त्यांनीच नीट करून दिला. तरी मी मनावर घेतलं नाही. दारुड्याबद्दल एकदा मत झालं की आपण साक्षीपुरावे ऐकत नाही. पाणी एक, चकणा एक, उजेड शून्य, मुतारीबद्दल बोलायलाच नको, बसणं शून्य. दहापैकी दोन.

दुसरा जालना रोडवरचा. काचेचं दार, एसी, भिंतीभर टीव्ही, आणि गाणी इतक्या मोठ्याने की ऑर्डर बोटाने द्यावी लागते. मसाला पापड चांगला, मुतारी स्वच्छ, वायरिंग भिंतीच्या आत. दिल्याने उजेडाचे पूर्ण दोन दिले असते. काउंटरवरच्या माणसाला दिलीप हे नावच माहीत नव्हतं. सगळे मिळून सहा मार्क, पण तिथे कुणी कुणाशी एक शब्द बोलताना दिसलं नाही.

तिसरं बार्शी नाक्यापुढचं फॅमिली गार्डन, ज्यात मी आजवर एकही फॅमिली पाहिलेली नाही. लिंबाच्या झाडांखाली पत्र्याच्या खोपट्या, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. लसणाची चटणी लावलेले शेंगदाणे इथे फुकट मिळतात आणि जिल्ह्यात त्याला तोड नाही. मॅनेजर पन्नाशीचा, अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेला. मी दिल्याचं नाव घेतल्यावर त्याचा हात थांबला.

"तुमी कोन? औरंगाबादवाले का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"उन्हाळ्यात सरांनी ते कोपऱ्यातलं टेबल धरून ठेवलं होतं. म्हनले, माझा दोस्त फोनवर न्हाई म्हनलाय, पर येईल तो. त्याला गार बिअर द्या, मला सोडा. चार वाजेपर्यंत वाट बघितली." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "कावून आला न्हाईत तुमी?"

त्याला बिअर, मला सोडा. म्हणजे स्टँडमागचा वेटर खरं बोलत होता. मी शेंगदाण्याची वाटी पुढे सरकवली आणि पुष्कळ वेळ तिथेच बसून राहिलो. मॅनेजर एकदाही "अजून काय" म्हणत आला नाही. बसण्याचे दोन पूर्ण, बाकीचे धरून सात. हे मार्क मी त्या वेळी लिहिले नाहीत.

संध्याकाळी दिल्याच्या घरी गेलो. तो आला नव्हता. वहिनींनी येसराची आमटी, भाकरी आणि कांदा वाढला आणि समोर बसल्या.

"वहिनी, दिल्याने मधे सोडली होती?"

"गेल्या सालच्या दिवाळीपासून पोळ्यापस्तोर. धा महिने. थेंब न्हाई."

"मला सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं व्हय कधी?" मग त्यांचा आवाज खाली आला. "मला वाटलं, तेच सांगत असतेल फोनवर. लई आठवन काढायचे तुमची. सुऱ्याला बोलावतो म्हनायचे, जरा बसतो म्हनायचे. तुमी आलाच न्हाईत."

"तुम्हीच म्हणाला होतात, बसू नका."

"मी दारूचं म्हनले हुते, भावजी," त्या म्हणाल्या. "नुसतं बसू नका, असं कुटं म्हनले?"

मराठीत एवढं लिहिणारा मी, आणि मला एका साध्या क्रियापदाचे दोन अर्थ वेगळे काढता आले नव्हते. लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

दिल्या रात्रभर घरी आलाच नाही. रविवारी सकाळी स्टँडमागच्या त्याच वेटरचा फोन आला, मी नंबर देऊन आलो होतो. सरांना काल तेलगावच्या बाजूला कुणीतरी पाहिलं, म्हणाला. बीडहून वडवणीमार्गे तेलगाव तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना वेचायचा राहिलेला कापूस आणि त्यापलीकडे ऊस. गावाच्या अलीकडे एक बुटकी इमारत, वर निळा पत्रा, आत सहा टेबलं. साडेअकरा वाजले होते. दिल्या दाराकडे तोंड करून बसला होता.

निम्मा झालाय. शर्टाची कॉलर गळ्यापासून लांब राहते. ग्लास उचलताना दुसऱ्या हाताने मनगट धरतो, ज्या हाताने तो अंधारातसुद्धा वायर जोडायचा तो हात.

"आलास व्हय बे," म्हणाला. "बस."

"दिल्या, दवाखान्यात उद्याचा बेड मिळालाय. गाडी बाहेर आहे. चल."

"आदी बस तर."

बसलो. त्याने माझ्यासाठी बिअर सांगितली, मी सोडा म्हणालो. त्याला हसू आलं आणि हसताना खोकला आला. "आता तू सोड्यावर," म्हणाला.

"मला माहीत नव्हतं रे. मला वाटलं, प्यायलाच बोलावतोयस."

"मला कळलं ते. तिसऱ्या फोनाला कळलं." तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. "सोडा म्हनून सगळे सांगतेत, सुऱ्या. सोडल्यावर कुटं बसायचं, ते कुनीच सांगत न्हाई. घरी बसलो की बायको तोंडाचा वास घ्यायची. पिनारे म्हनायचे, तू येऊ नको, आमची उतरती. न पिनारे बसूच देत नव्हते. बारमधी गेलो सोड्यावर, तर मालक उठवायचा. मंग पोळ्याच्या दिवशी म्हनलं, चला, एक क्वार्टर घेतली तर टेबल तर मिळतंय."

"मला सांगायचंस तरी सरळ, की मी सोडलीय."

"काय सांगायचं? दोस्ताला बसायला बोलवताना सर्टिफिकिट दाखवायचं व्हय?"

मी त्याचा हात धरला. म्हणालो, चुकलो. म्हणालो, दवाखान्यातून बाहेर आलास की दर रविवारी येईन, हव्या त्या टेबलावर बसू. तो माझ्याकडे बघत राहिला, मग भिंतीकडे. तिथे बोर्डावरच्या एका वायरला प्लगच नव्हता, दोन उघडी टोकं सॉकेटमध्ये काडीने खोचली होती. "शून्य," तो म्हणाला. आणि मग, "उद्या येतो मी. एसटीनं येतो. तू जा आता."

मी त्याला ओढून गाडीत घालायला हवं होतं का? दोन दिवस हाच विचार करतोय. पण सही त्याने स्वतः करायची होती, आणि ओढून नेलेला माणूस सही करत नाही. त्या बारला मी मार्क दिलेले नाहीत.

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: पेट्रोल, टोल, भजी, सोडे धरून दोन हजारांत दोन दिवस होतात. मुक्काम मी दिल्याच्या घरी केला. स्टँडजवळ लॉज आहेत, पण मी पाहिलेले नाहीत.

सोमवारी नऊपासून दवाखान्याच्या ओपीडीबाहेर लाकडी बाकावर बसलो. बीडची पहिली गाडी येऊन गेली, दुसरी आली. वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, सकाळी धुतलेला शर्ट घालून निघाले. दुपारी दोनला नर्स म्हणाली, चारपर्यंत थांबते, मग बेड दुसऱ्याला द्यावा लागेल. पावणेचारला दिल्याचा मोबाइल लागला. पाठीमागे बाटल्यांचा आवाज होता.

"दिल्या, मी थांबलोय. ये ना," मी म्हणालो. "बसू इथं. नुसतं बसू."

तो बोलला तेव्हा आवाजात चिडवणं नव्हतं, खरी काळजी होती, आणि म्हणूनच ते ऐकवलं नाही.

"न्हाई बे सुऱ्या, आता न्हाई बसायचं. तब्येत सांभाळ."

कोरा फॉर्म खिडकीत परत दिला. मग त्याच बाकावर येऊन बसलो. पाच वाजले, साडेपाच वाजले, झाडणारी बाई माझे पाय चुकवून झाडून गेली. कुणीही मला उठवायला आलं नाही. बसण्याचे दोनपैकी दोन.