बंगलोरची रंगपरिषद आणि मास्तरांचा गडद निळा

आम्ही बंगलोरला गेलो ते मालकांना एक यंत्र घ्यायचं होतं म्हणून. रंग मोजणारं यंत्र. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, इचलकरंजीत कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात मी नुकतीच प्रयोगशाळेत लागले होते. रंगवलेला नग गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी जुळतो की नाही, हा शेवटचा निकाल तिथे शिरगुप्पे मास्तर द्यायचे. कापड खिडकीशी न्यायचं, नमुना शेजारी धरायचा, मान डावीकडे कलवायची आणि "पास" म्हणायचं. त्या हंगामात मात्र त्यांनी पास केलेला गडद निळा माल मुंबईच्या व्यापाऱ्याने दोनदा परत पाठवला होता. मास्तर म्हणाले, व्यापाऱ्याचे दिवे खराब आहेत. मालक यंत्रांची माहितीपत्रकं मागवू लागले.

तेवढ्यात रंगविज्ञानाच्या एका परिषदेचं आमंत्रण आलं. भौतिकशास्त्रवाले, डोळ्यांचे डॉक्टर, चित्रकार, भाषेचे अभ्यासक आणि रंगाचा धंदा करणारे, सगळ्यांना एकत्र बसवायची कल्पना होती. मालकांनी मला एक छोटा निबंध वाचायला सांगितलं आणि मास्तरांचं नाव "डोळा की यंत्र" या चर्चेसाठी कळवलं.

"जातो की," मास्तर म्हणाले. "यंत्राला पगार लागत न्हाई, एवढंच त्याचं कौतुक."

त्यांच्या पत्नी मालतीकाकूही निघाल्या. त्यांची मावसबहीण चामराजपेटेत राहायची, त्यामुळे उतरायची सोय झाली आणि मला एकटीला पाठवायचं कसं, हा माझ्या आईचा प्रश्नही मिटला.

कोल्हापुरातून संध्याकाळी कर्नाटकची बस धरली. हल्ली हा रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत झालाय. तेव्हा हुबळीच्या पुढे एका मालट्रकला ओलांडायलाही ड्रायव्हरला बराच वेळ अंदाज घ्यावा लागे. पहाटे गार वारा सुटतो, तेव्हा खिडकीशी बसणार असाल तर शाल हवीच. सकाळी तुमकूरला बस थांबली की तट्टे इडली खावी. ताटलीएवढी, मऊ आणि वर लोण्याचा गोळा. काकूंनी एक खाल्ली आणि दुपारचं जेवण रद्द केलं.

मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर उतरून रिक्षा केली. मीटर टाकायला सांगितलं तर टाकत होते, हे मला फार विशेष वाटलं. चामराजपेट म्हणजे मोठ्या मंडईला लागून असलेली दाट वस्ती. एकीकडे उदबत्तीचा वास, दुसरीकडे शिलाईयंत्रांचा आवाज आणि मधूनच एखाद्या दारातून आपली भाषा. आपली, पण थोडी वेगळी.

"या, अक्का, या! अण्णा, आत या की. स्वल्प कॉफी घ्या, मग अंघोळ," रुक्मिणीअक्कांनी दारातच सांगितलं. काकूंच्या या बहिणीचं सासर कित्येक पिढ्या बंगलोरात होतं, मंडईजवळ दोऱ्या-बटणांचं दुकान होतं. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि देवापुढे दोन्ही. मी म्हटलं, तुमची मराठी ऐकायला गोड वाटते. त्या हसून म्हणाल्या, "आम्हाला तुमची भांडल्यासारखी वाटते, सरी ना?"

परिषद शहराच्या उत्तरेला एका विज्ञानसंस्थेत होती. सिटी बसने मंडईतून एकदा बदलून जाता येई. आवार एवढं झाडांचं की व्याख्यान कुठल्या इमारतीत आहे हे विचारत फिरावं लागलं. पहिल्या दिवशी आकाश निळं का, इथपासून भिंतीचा रंग उडतो का, इथपर्यंत सगळं झालं. एका भाषाभ्यासकाने सांगितलं की काही भाषांत निळ्या आणि हिरव्याला एकच शब्द असतो. मी मास्तरांना हळूच मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "तिथं आपला माल परत आला नसता."

जेवायला बिसीबेळे भात होता, वर तुपाची धार. हात धुऊन आम्ही व्हरांड्यात आलो. तिथे एका टेबलाशी डॉ. शारदा नावाच्या नेत्रतज्ज्ञ बसल्या होत्या. कन्नडच, पण वैद्यकीचं शिक्षण मिरजेला झालेलं, त्यामुळे मराठी स्वच्छ. त्यांच्यापुढे लाकडी पट्ट्यांत बाटलीच्या बुचांसारख्या रंगीत सोंगट्या होत्या. सोंगट्या विस्कटून द्यायच्या आणि आपण त्या रंगाच्या चढत्या क्रमाने लावायच्या, असा तो तपास होता. चित्रकार, प्राध्यापक सगळे हौसेने लावत होते. मीही लावल्या, एका ठिकाणी चुकले.

"मास्तर, तुम्ही तर डोळे मिटून लावाल," मी म्हटलं.

ते बसले. भोवती माणसं जमली. हा रंगाच्या धंद्यातला माणूस, हे पसरलं होतं. तांबड्या-पिवळ्याची पट्टी त्यांनी झरझर लावली, एकही चूक नाही. निळ्या पट्टीला मात्र त्यांचा हात थांबत थांबत चालला. लावून झाल्यावर डॉक्टरांनी सोंगट्यांच्या मागचे आकडे बघितले आणि पट्टी मिटली.

"किती चुकल्या?" मास्तरांनी विचारलं.

"बऱ्याच. उद्या सकाळी परत करू या. निवांत."

"दिवा बरोबर न्हाई तुमचा," मास्तर म्हणाले आणि उठले.

त्या संध्याकाळी रुक्मिणीअक्कांनी अक्की रोट्टी, म्हणजे तांदळाची भाकरी केली होती. मास्तर दोन घास खाऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. समोरच्या शिंप्याच्या दुकानात कापडांचे गठ्ठे होते. ते त्यांच्याकडे बघत होते. काकूंनी मला विचारलं, "तिथं काय झालं गं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हल्ली ते निळा आणि काळा मोजा एकेक पायात घालून जातात. मला वाटलं, घाई."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी तयार होते. डॉक्टरांनी त्यांना उत्तरेच्या खिडकीशी बसवलं. पुन्हा तेच झालं: तांबडं चोख, निळं विस्कटलेलं. मग त्यांनी बारीक विजेरीने मास्तरांच्या डोळ्यांत बराच वेळ बघितलं.

"मास्तर, मोतीबिंदू धरलाय. दोन्हीकडे. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलंय. पिवळ्या काचेतून बघितल्यावर निळं जसं मंदावतं, तसं. हे हळूहळू होतं, म्हणून माणसाला कळत नाही."

"मला दिसतंय तर सगळं."

"दिसतं. पण दोन निळ्यांत थोडाच फरक असेल तर तो तुमच्यापर्यंत पोचत नाही."

मास्तरांनी टेबलावरची एक निळी सोंगटी उचलली, खिडकीकडे धरली आणि सवयीने मान डावीकडे कलवली. मग ती होती तिथे ठेवली. "इलाज?"

"शस्त्रक्रिया. आत नवं भिंग बसवतात. मिरजेतही होईल."

दुपारी त्यांची चर्चा होती. मी त्यांच्या मराठीचं इंग्रजी करणार होते. जिन्यात मी म्हटलं, तब्येतीचं कारण सांगून आपण नाव काढून घेऊ शकतो. ते थांबले. "मी बोलतो. जे बोलीन तेच सांग. सारवू नकोस."

सभागृह निम्मं भरलं होतं. आधी एका कंपनीच्या माणसाने यंत्राचे आलेख दाखवले. मग मास्तर उभे राहिले.

"मी इथं यंत्राविरुद्ध बोलायला आलो होतो," ते म्हणाले. "तीस वर्षं मी डोळ्यावर शेड पास केली. आज सकाळी त्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, डोळ्याला मोतीबिंदू आहे. निळं नीट दिसत न्हाई. आमचा माल परत आला तेव्हा मी व्यापाऱ्याच्या दिव्यांना शिव्या दिल्या. दिवे चांगले होते."

मी हे इंग्रजीत सांगितलं. माझा आवाज सपाट ठेवायचा प्रयत्न केला, तो ठेवता आला नाही.

मागून एका चित्रकाराने विचारलं, मग तुम्हाला आता निळा कसा दिसतो? मी ते मास्तरांना मराठीत सांगितलं.

"निळाच दिसतो," ते म्हणाले. "जे दिसत न्हाई, ते दिसत न्हाई हे मला कसं दिसावं?"

मी तेवढंच भाषांतर केलं. टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. पण उरलेल्या वेळात कंपनीच्या माणसाला कुणी प्रश्न विचारले नाहीत. भौतिकशास्त्रवाले उठून डॉक्टरांशी बोलायला लागले, आणि इतका वेळ आपापल्या रांगांत बसलेली माणसं एका टेबलाभोवती उभी राहिली. परिषदेचा हेतू काय होता, ते मला तेव्हा कळलं. माझा निबंध त्यानंतर होता. तो कुणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात यंत्र बघायला नेलं. होसूर रस्त्याने बस निघाली. आज तिथे वरून उड्डाणरस्ता जातो, तेव्हा खाली ट्रकच ट्रक होते, आणि इलेक्ट्रॉनिक सिटी म्हणजे मोकळ्या माळावर लांब लांब उभ्या इमारती. कारखान्यात मास्तरांनी खिशातून परत आलेल्या मालाचा तुकडा आणि व्यापाऱ्याचा नमुना काढला. ते दोन्ही बरोबर घेऊन आलेत हे मला ठाऊक नव्हतं. यंत्राने आकडे दिले. फरक होता, मोठा. मास्तरांनी माझ्यामार्फत तिथल्या मुलीला विचारलं, "तुला डोळ्यानं दिसतो?" ती म्हणाली, "हो सर, एक तांबूस आहे." त्यांनी मान हलवली आणि तुकडे परत खिशात घातले. येताना बसमध्ये त्यांना गाढ झोप लागली.

निघताना रुक्मिणीअक्कांनी काकूंची ओटी भरली आणि मला म्हैसूर चंदनाच्या साबणाची वडी दिली. तुम्ही बंगलोरला गेलात तर मॉल सगळीकडे एकसारखेच आहेत. एक सकाळ चामराजपेटेच्या गल्ल्यांत काढा आणि कुणी कॉफीला बोलावलं तर नाही म्हणू नका.

घरी आल्यावर मास्तरांनी मालकांना सगळं स्वतः सांगितलं. मालकांनी यंत्र घेतलं आणि मास्तरांनाही ठेवलं. थंडीत मिरजेला त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सोडली तेव्हा समोर लाल काठाच्या पांढऱ्या पातळात काकू होत्या. "नीळ जास्त झाली की गं," मास्तर म्हणाले. काकूंनी नीळ घातलीच नव्हती. त्या रडल्या, मग त्यांनी हे सगळ्या गल्लीला सांगितलं.

डावा डोळा पुढच्या वर्षी करायचा ठरला होता. तो त्यांनी पुढे ढकलला, मग आणखी ढकलला. काकू माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, तेव्हा मी मास्तरांना कारण विचारलं. ते नऊवारी पातळांचा एक गडद निळा नग बघत होते. यंत्राने तो आधीच पास केला होता. मास्तरांनी डावा डोळा मिटून बघितलं, मग उजवा मिटून बघितलं.

"ही पातळं घेतात कोण? साठीच्या पुढच्या बाया," ते म्हणाले. "माझ्या या डाव्या डोळ्यासारखी त्यांनाही यातली ही बारीक निळी रेघ दिसणारच न्हाई. सगळं काळंच दिसेल. रेघ जरा उजळ करायला सांग."

आम्ही रेघ उजळ केली. तो माल परत आला नाही.