ओहोळाची वाट

बोईसरच्या रस्त्यालगत आगीच्या बंबाची चौकी उभी राहिली, तेव्हा तिथं लागलेल्या पहिल्या चार माणसांत मी होतो. तारापूरकडे वीजघराचं बांधकाम जोरात चाललं होतं. कुठून कुठून माणसं येत होती. त्यांच्या झोपड्या, लाकडाचे ढीग, डांबराची पिंपं, जिकडे बघावं तिकडे पेटणारं सामान. म्हणून एक लाल बंब, एक साहेब आणि आम्ही चौघं असे तिथं नेमले गेलो. मी पालघरजवळच्या माहीमचा. घरची थोडी नारळाची वाडी होती, पण दोन भाऊ तीच बघत होते, मला तिथं काम उरलं नव्हतं.

चौघांत इथला असा मी एकटाच. सफाळ्यापासून तारापूरपर्यंत कुठं कुठली वाडी, कुठला पाडा, कुठल्या तळ्याला एप्रिलपर्यंत पाणी टिकतं, हे मला पाठ होतं. साहेब मलाच विचारायचे. दोन वर्षं असं चाललं. पुढं टोळीवर एक मुख्य जवान नेमायचा हुकूम आला, तेव्हा ती जागा माझीच, असं मी घरी सांगूनही टाकलं.

आणि मग तो आला. साताऱ्याकडचा, फौजेतून सुटलेला, माझ्याच वयाचा. सगळे त्याला हवालदार म्हणायला लागले. आल्या आल्या त्याला ती जागा मिळाली.

तो वाईट माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं. तो चांगला होता. सकाळी आमच्याआधी उठून पाइप उन्हात पसरायचा. नळीच्या जोडावरची पितळ इतकी घासायचा की तिच्यात तोंड दिसावं. कुणाला चढ्या आवाजात बोलायचा नाही. बंबाचा ड्रायव्हर बनारसकडचा, कुणाचंही न ऐकणारा, तो त्याला ‘उस्ताद’ म्हणायचा. मला दोन वर्षांत त्यानं कधी नुसती हाकही धड मारली नव्हती.

एकदा मी हवालदाराला घरी जेवायला नेलं. न्यायचं म्हणून नेलं, सगळ्यांनी नेलं होतं. बायकोनं बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली होती. त्याला मासे खायची सवय नव्हती, तरी त्यानं दोन वेळा मागून घेतलं आणि उठताना ताट स्वतः उचललं. तो गेल्यावर बायको म्हणाली, “किती नीट जेवतो तो! ताटात एक शीत नाय टाकलं. आणि तुमचं बघा.”

मी माझ्या ताटाकडे बघितलं. त्या दिवसापासून मला त्याचा हेवा नुसता चौकीवर नव्हे, घरीही वाटायला लागला.

त्या एप्रिलमध्ये पालघरला आमची प्रात्यक्षिकं झाली. शाळेच्या पटांगणात बांबूंचा तीन मजली सांगाडा उभा केला होता. शिडी चढून वर जायचं, वरच्या माणसाला खांद्यावर घेऊन उतरायचं. हवालदार एका दमात चढला, जाडजूड माणूस खांद्यावर टाकून उतरला. लोक ओरडले, टाळ्या वाजल्या. माहीमहून माणसं आली होती, त्यांत माझी बायको होती, भाऊ होते. मी शिडीचा पाया धरून उभा होतो. शिडी धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही. बायकोनं टाळ्या वाजवताना तोंडावरचा पदरही बाजूला केला होता, एवढं मात्र मला खालून दिसलं.

नंतर आठ-दहा दिवसांनी, दुपारी जेवणं झाली होती, तोच एक माणूस धापा टाकत चौकीत शिरला. बेटेगावच्या पलीकडे डोंगराकडेला एक पाडा होता, तिथला. अंगाला घाम, पायांना धूळ.

“आग लागली हाय पाड्यावर! दोन घरं पेटली. चला लवकर!”

आम्ही बंबावर चढलो. पुढं ड्रायव्हर, त्याच्याशेजारी हवालदार आणि तो माणूस. मागं दांडी धरून मी आणि दोघं. बेटेगावच्या अलीकडे वाट फुटते. एक सरळ ओहोळ उतरून पाड्याला जाते. दुसरी तळ्याला वळसा घालून जाते, ती मैलभर लांब. ड्रायव्हरनं गाडी हळू केली.

“उस्ताद, किधर से?”

हवालदारानं त्या माणसाला विचारलं. त्यानं समोर हात केला. “हीच जवळची वाट. मी इकडूनच आलूं.”

तो चालत आला होता. त्याच्या पायाखालचा ओहोळ कोरडा होता, त्याला तो रस्ताच वाटणार. पण मागल्या पावसात ओहोळाच्या तळाचे दगड वाहून गेले होते आणि तिथं नुसती रेती उरली होती, हे मला ठाऊक होतं. बैलगाडीसुद्धा तिथं अडते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाण्यानं भरलेला बंब त्यात उतरला तर रुतणार हे मला जसं आज माहीत आहे, तसंच तेव्हाही माहीत होतं.

मला फक्त बंबाच्या पत्र्यावर हात आपटून ओरडायचं होतं. हात उचललाही होता. हवालदार पुढून म्हणाला, “सरळ घे.” आणि माझ्या मनात आलं, बघू दे की. सगळं येतं ना याला.

मी हात खाली घेतला.

बंब ओहोळात उतरला आणि मधोमध पुढची चाकं रेतीत गेली. ड्रायव्हरनं जोर लावला तशी मागचीही गेली. समोर झाडांच्या वर धूर दिसत होता, काळा, सरळ उभा.

हवालदार खाली उडी मारून एकदाच चाकांकडे बघून म्हणाला, “दोघं हितं थांबा, फांद्या तोडा, चाकाखाली घाला. बाकीचे बादल्या, आकडे घ्या नि पळा.” मी त्याच्यामागून पळालो. अर्धा मैल असेल. वाटेत एकदाही त्यानं मागं वळून माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं.

पाडा सात घरांचा. कारवीच्या कुडाची, गवतानं शाकारलेली घरं. आम्ही पोचलो तेव्हा तीन जमीनदोस्त झाली होती आणि चौथं पेटलं होतं. त्या चौथ्या घराला कुलूप होतं. घरचे सगळे वीटभट्टीवर कामाला गेले होते. बायका विहिरीवरून हंडे आणत होत्या. विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं होतं की हंडा वर यायला वेळ लागे. हवालदारानं पाचव्या घराचं छप्पर आकड्यानं ओढून पाडायला घेतलं, मधे मोकळी जागा व्हावी म्हणून. मी दुसरा आकडा लावला. जळकं गवत त्याच्या हातावर पडलं, त्यानं झटकलं आणि ओढत राहिला. पाचवं पडलं, सहावं आणि सातवं वाचलं. बंब रेतीतून सुटून आला तेव्हा विझवायला निखारेच उरले होते.

माणसं सगळी बाहेर होती, कुणाला काही झालं नाही. पण त्या कुलूपबंद घरात कणगी होती. पेरणीसाठी राखलेलं भात त्यात होतं. बंबाचं पाणी त्यावर पडलं तशी भाजलेल्या भाताचा वास सुटला. खाण्याचाच वास, भूक लागावी असा. मी पाइप दुसऱ्याच्या हातात दिला आणि वास येणार नाही एवढा लांब जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चौकशी केली. हवालदाराच्या हाताला पट्टी बांधलेली होती. तो उभा राहून म्हणाला, “वाट मी निवडली. चूक माझी हाय, साहेब.” त्याला लेखी ताकीद मिळाली. त्याच्या आजवरच्या कागदांत तेवढा एक डाग.

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. त्या रात्री मी पोटभर जेवलो आणि ताटात काही टाकलं नाही.

पंधरा दिवसांनी हवालदार माझ्याकडे आला. “गड्या, हितल्या वाटा तुला ठाव हायत. मला न्हाईत. रविवारी चल माझ्यासंगं. सगळे पाडे फिरू. कुठनं बंब जातो, कुठं पानी हाय, लिहून काढू.”

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. दोन सायकली घेऊन निघालो. त्यानं वही आणली होती. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. दुपारपर्यंत त्या पाड्यावर पोचलो.

वीटभट्टीवरचं कुटुंब परत आलं होतं. चौथ्या घराच्या जागी चार मेढी उभ्या होत्या आणि एक बाई कारवीच्या नव्या कुडाला शेणमाती लिंपत होती. वर छप्पर नव्हतं. तिनं आम्हाला पाणी दिलं. आमची खाकी कापडं बघून म्हणाली, “तुमी बंबवाले काय? तो मधीच रुतला व्हता ना?”

“व्हय बाय,” हवालदार म्हणाला. “माझी चूक झाली. वाट चुकलो.”

“तुमी काय करनार,” ती म्हणाली. “तुमी इथले नाय.”

ती परत लिंपायला लागली. मी तिथला होतो.

परतताना आम्ही सायकली हातात धरून तोच ओहोळ उतरलो. रेतीत बंबाच्या चाकांचे खड्डे अजून होते. तिथं माझे पाय थांबले.

“मला माहीत होतं,” मी म्हणालो.

“काय?”

“इथं रुतणार हे. वाट फुटते तिथंच मला माहीत होतं.”

तो वळला. “मग बोलला का न्हाईस?”

“ती जागा माझी होती. तुम्ही यायच्या आधी.”

त्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यानं सायकल खाली टाकली. मला वाटलं मारतो. तो म्हणाला, “जागा तुझी व्हती तर माझ्याशी भांडायचंस. मला शिव्या द्यायच्यास. त्या बाईचं घर मधी कशाला आनलंस?”

मी चाकाच्या खड्ड्यात पायानं रेती लोटत राहिलो. मग त्यानं सायकल उचलली. “मी कुणाला सांगनार न्हाई. साहेबाला तू सांगायचंस.”

सोमवारी मी सांगितलं. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. हवालदाराची ताकीद मागं घेतली आणि मला सहा महिने बंबावरून उतरवलं. लाल बादल्यांत वाळू भरणं, पाइप धुणं, चौकीचं अंगण झाडणं, ही माझी कामं. घंटा वाजली की सगळे पळायचे आणि मी दारात उभा राहायचो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती वाडीत गेली आणि पडलेल्या झावळ्या गोळा करायला लागली. आम्ही दोघांनी बसून त्यांची झापं विणली, आठ दिवस, संध्याकाळच्या वेळी. भावानं बियाण्याचं थोडं भात दिलं. सगळं बैलगाडीत घालून मी पाड्यावर नेलं, तळ्याच्या वळशानं. पावसाला चार दिवस उरले होते. त्या बाईच्या नवऱ्याबरोबर मी छपरावर चढून झापं बांधली.

“बंबवाले लय चांगले,” बाई खालून म्हणाली.

तिला खरं सांगायचं मी ठरवून गेलो होतो. साहेबाला सांगता आलं, बायकोला सांगता आलं, तिला मात्र नाही. आजपर्यंत नाही.

वाटांची वही हवालदारानं पावसाळ्यात पुरी केली. त्याचं अक्षर सुरेख होतं. शेवटी एक नकाशा होता, ओहोळ, तळी, विहिरी, कुठल्या महिन्यापर्यंत कुठं पाणी, सगळं. ठाण्याहून आलेल्या मोठ्या साहेबांनी तो बघितला आणि त्याची पाठ थोपटली. “याच्या मदतीनं केलंय,” असं त्यानं माझ्याकडे बोट करून सांगितलं. मोठ्या साहेबांनी मान डोलवली आणि परत त्याच्याशीच बोलायला लागले. माझ्या मनात पुन्हा तोच हेवा पेटला. इतकं सगळं होऊनही.

पुढच्या वर्षी त्याची बढतीवर बदली झाली. बोईसरच्या स्टेशनावर आम्ही सगळे सोडायला गेलो. ड्रायव्हर रडत होता. पाड्यावरची ती बाई नवऱ्याबरोबर चालत आली होती, फडक्यात बांधलेले नव्या भाताचे पोहे घेऊन. तिनं ते हवालदाराच्या हातात दिले. मी शेजारीच उभा होतो, माझ्याकडे बघून नुसती हसली. मला ते लागलं. लागून घ्यायचा मला काही हक्क नव्हता, तरी लागलं.

गाडी हलताना हवालदारानं दारातून माझा हात धरला आणि म्हणाला, “आता जागा तुझी हाय. नीट संभाळ.”

महिन्याभरानं हुकूम आला. बायकोनं शेजारी साखर वाटली. मी ड्रायव्हरशेजारी पुढच्या बाकावर बसायला लागलो. तो मला उस्ताद म्हणाला नाही, पण वाट विचारायचा, आणि मी सांगायचो.