उजव्या कानातला हात

सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं मला कोणी विचारलं तर आईवडिलांच्या बरोबरीने मी कॉलेजातल्या एका सिनिअरचं नाव घेतो. त्याला मी दादा म्हणतो. इथेही तेच म्हणेन.

मी सावनेरचा. वडील कोळशाच्या खाणीत होते, घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. नागपूरला इंजिनिअरिंगला आलो तेव्हा वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जायचं. पहिल्या सेमिस्टरला सहापैकी चार विषय गेले. मी हॉस्टेलच्या खोलीत बॅग भरून बसलो होतो. कळमेश्वरला एका कारखान्यात चुलतभावाने काम बघून ठेवलं होतं. दादा माझ्या रूममेटचा ड्रॉइंग बोर्ड परत करायला आला होता. त्याने बॅग पाहिली आणि कुठे चाललास म्हणून विचारलं. मी सांगितलं.

"तुले काय समजत नाही ते सांग," तो म्हणाला. "सगळं नको सांगू. एक सांग."

मी म्हटलं, मेकॅनिक्समधला मोमेंट समजत नाही.

त्याने मला स्कूटरवर मागे बसवलं आणि इतवारी बाजारात त्याच्या घरच्या भांड्यांच्या दुकानात नेलं. वरच्या माळ्यावर एका गंजाच्या, म्हणजे उभ्या पातेल्याच्या, काठावर लांब दांड्याचा झारा टेकवून ठेवला, आणि कुठे बोट दाबलं की तो उलटतो ते मला करायला लावलं. दहा मिनिटांत मोमेंट समजला. बॅग मी संध्याकाळी उघडली. त्यानंतर तीन वर्षं, आठवड्यातल्या चार-पाच दुपारी मी त्या माळ्यावर बसलो आहे. पदवी मिळाली तेव्हा वडिलांनी मला तो इंग्रजी कागद मोठ्याने वाचायला लावला, दोनदा. त्या कागदावर माझं एकट्याचंच नाव आहे, हे मला तेव्हाही बरोबर वाटलं नव्हतं.

माळ्यावर एक नियम होता. पाऊण तास गणितं, मग पाव तास गिटार. दादा मेटल संगीताच्या एका बँडमध्ये ऱ्हिदम गिटार वाजवायचा. मेटल म्हटलं की लोकांना लांब केस आणि आरडाओरडा आठवतो. दादाचे केस दुकानात बसणाऱ्या माणसाचे असतात तसे बारीक होते आणि आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. त्याचं सगळं उजव्या हातात होतं.

ऱ्हिदम गिटारमध्ये बराच वेळ एकच जाड तार वाजत असते. तळहाताची कड तारांवर हलकी टेकवून आवाज दाबायचा आणि प्लेक्ट्रमने, म्हणजे चिमटीत धरलेल्या छोट्या चकतीने, त्या तारेवर घाव घालत राहायचं. घाव घालण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक घाव वरून खाली. हात खाली येतो, वाजतो, न वाजता वर जातो, पुन्हा खाली येतो. दुसरीत हात जातानाही वाजवतो आणि येतानाही, एक खाली, एक वर. तेवढ्याच सुरांना हाताला निम्मे कष्ट. पहिली डाउनपिकिंग, दुसरी अल्टरनेट पिकिंग.

मला दुसरी लगेच जमली. मी दादाला विचारलं की निम्म्या मेहनतीत तेच होत असेल तर मग दुप्पट मेहनत काहून?

दुकानाच्या मागे दोन कारागीर तांब्याच्या हंड्यांना ठोके द्यायचे. दादा म्हणाला, ऐक. आम्ही ऐकत बसलो. ठक, ठक, ठक. "हातोडा वर जातानी आवाज करते काय?" त्याने विचारलं. "तो वर काहून जाते? खाली यायले. वर जातानी पण मारलं तर ठोका एकसारखा पडन का?"

मग त्याने मला डोळे मिटायला सांगितलं आणि एकच तुकडा दोन्ही पद्धतींनी वाजवला. तो फरक एकदा कानाला कळला की मग विसरता येत नाही. डाउनपिकिंगमध्ये प्रत्येक घावाचं वजन सारखं असतं, भिंतीत एकामागून एक खिळे ठोकावेत तसं. अल्टरनेटमध्ये दुसरा, चौथा, सहावा घाव किंचित पातळ पडतो, कारण खालून वर येणारं प्लेक्ट्रम तारेला जरा वेगळं लागतं. उत्तम वाजवणाऱ्यांचा हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. आणि अल्टरनेट कमी दर्जाचं आहे असंही नाही. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की नुसतं डाउनपिकिंग कोणाकडूनच होत नाही. दादा हे मान्य करायचा. पण त्याच्या गाण्याचा वेग त्या मर्यादेच्या थोडासा अलीकडे होता, अगदी थोडासा.

ते त्याचं स्वतःचं गाणं होतं. साडेतीन मिनिटांचं, सगळं डाउनपिकिंग. नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही ते रेकॉर्ड केलं. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर, माईक आणि भिंतींना टेकवलेल्या गाद्या होत्या. आवाज येतो म्हणून कूलर बंद ठेवावा लागे. नागपूरच्या मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, कूलर बंद. प्लेक्ट्रम घामाने बोटांतून निसटायचं. दादा बोटांना पावडर लावून बसायचा.

अशा संगीतात ऱ्हिदम गिटार दोनदा रेकॉर्ड करतात. तोच माणूस तेच पुन्हा पहिल्यापासून वाजवतो. एक डाव्या कानाला ठेवतात, एक उजव्या. दोन्ही तंतोतंत जुळले की मध्ये उभ्या असलेल्या ऐकणाऱ्याला ते गाणं भिंतीसारखं दोन्हीकडून दाबतं.

पहिल्या दिवशी दादाने डावी बाजू वाजवली. एका दमात, कुठे न अडखळता.  संपल्यावर त्याने कूलरचं झाकण काढलं आणि टाकीतल्या पाण्यात उजवा हात कोपरापर्यंत बुडवून ठेवला. मनगटाच्या वर सूज दिसत होती.

दुसऱ्या दिवशी उजवी बाजू होईना. सुरुवात बरी व्हायची, पण दीड मिनिटाला हात दगडासारखा व्हायचा आणि घाव मागे पडायला लागायचे. अकरा वेळा त्याने सुरुवात केली. दरवेळी हात टाकीत, मग पुन्हा पावडर. तेवढ्यात दुकानातून फोन आला, माल उतरवायचा होता. तो दोन तासांत येतो म्हणून गेला. गाणं एका स्पर्धेला त्याच संध्याकाळी पाठवायचं होतं.

उजवी बाजू मी वाजवली. त्याच्याच गिटारवर. मला त्या वेगाला डाउनपिकिंग येत नव्हतं, म्हणून वर-खाली वाजवली. तिसऱ्या वेळेला जमली. रेकॉर्ड करणाऱ्या मुलाने दोन्ही बाजू एकत्र लावल्या आणि म्हणाला, कोणाच्या बापाला कळणार नाही.

दादा आला, हेडफोन लावून बसला, डोळे मिटले. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. गाणं संपलं.

"हा कोणता टेक?"

"सातवा," मी म्हणालो.

"सातवा तर बिघडला होता ना बे?"

"नाही. तुला वाटला तसा. शेवटपर्यंत आला होता."

मी हे का बोललो, याचा खूप विचार केला आहे. त्याने माझ्यासाठी इतकं केलं होतं, आणि मला पहिल्यांदाच त्याला काही देता येत होतं. मला ते देणंच वाटलं.

त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. ओळख विसरलेल्या माणसाकडे पाहावं तसं. मग हसला आणि म्हणाला, "म्हणजे दुखणं डोक्यात असते. हातात नसते."

स्पर्धेत आमचं काही झालं नाही. पण ते वाक्य त्याच्याबरोबर राहिलं. दुसऱ्या दिवशी, सुजलेल्या हाताने आपण वाजवलं, मग आज काहून नाही? हात दुखला की तो हे म्हणायचा आणि पुढे वाजवायचा. कधी हसत, कधी दात आवळून. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याला नळ पिळता येईना. पार्सलला सुतळी बांधता येईना. मी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो होतो. केव्हापासून दुखतं, विश्रांती घेतली होती का, असं त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, पहिल्यांदा सुजला तेव्हा दुसऱ्याच दिवशी पूर्ण वाजवलं होतं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही.

त्याने गिटार पोत्यात बांधून माळ्यावर टाकली आणि दुकानात बसायला लागला. मला नोकरी लागली, इथेच, नागपुरात. रेकॉर्ड करणारा मुलगा परदेशी गेला. म्हणजे ही गोष्ट माहीत असलेला शहरात मी एकटाच उरलो.

ते गाणं माझ्या फोनमध्ये आहे. ऐकतो तेव्हा फक्त डावा इअरफोन लावतो. डाव्या कानात दादाचा हात आहे, बावीस वर्षांच्या माणसाचा, धडधाकट. तो खाली येतो, न वाजता वर जातो, पुन्हा खाली येतो. उजवा इअरफोन शर्टावर लोंबत असतो आणि तिथूनही बारीक आवाज येत राहतो, एक जाड, एक पातळ, एक जाड, एक पातळ. मी तो मुठीत धरतो. तरी येतो. पावसात गाडीचा वायपर लावला की येतो. शेजारच्या काकू शिलाई मशीन चालवतात तेव्हा येतो. इतवारीतून जायचं टाळतो, कारण तिथे ठोके ऐकू येतात, आणि ते सगळे एकसारखे असतात.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. आवाजात खूप दिवसांनी उत्साह होता. फिजिओथेरपीने हातात पकड आली आहे. डिसेंबरमध्ये त्याच्या बॅचचे लोक कॉलेजात जमणार आहेत आणि तो ते गाणं वाजवणार आहे. सराव सुरू केला आहे. मी विचारलं, दुखत नाही का?

"दुखून तर राहिलं," तो म्हणाला. "पण तवा नव्हतं वाजवलं का आपण? दुसऱ्या दिवशी?"

मी रविवारी दुकानात गेलो. सांगायचंच ठरवून गेलो होतो. त्याने माळ्यावर नेलं, चहा मागवला आणि वाजवून दाखवलं. चाळीस सेकंद तोच हात होता. मग तो मागे पडायला लागला. त्याने गिटार बाजूला ठेवली, पाणी भरलेल्या पितळी गंजात हात बुडवला आणि लहान मुलासारख्या आनंदाने माझ्याकडे पाहिलं. "येते बे, येते," म्हणाला. मी म्हटलं, हो. चहा पिऊन घरी आलो.

दोन दिवसांनी पत्र लिहिलं आणि स्पीड पोस्टाने दुकानाच्या पत्त्यावर पाठवलं. त्याची प्रत ही.

दादा,

समोर बसलो की मला बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे. नीट अर्ज लिहायला तूच शिकवलंस. पहिल्या ओळीत मुद्दा, असं तू सांगायचास. मुद्दा हा की आपल्या गाण्याची उजवी बाजू तू वाजवलेली नाहीस. मी वाजवली आहे.

तू माल उतरवायला गेला होतास तेव्हा. सातवा टेक बिघडलाच होता, तुझं बरोबर होतं. मी खोटं बोललो. ऐकायचं असेल तर डावा इअरफोन काढून ऐक. प्रत्येक दुसरा घाव पातळ आहे. तुझ्या कानाला तो त्या दिवशी कळला नसेल यावर माझा कधी कधी विश्वास बसत नाही. कळला असेल तर मला तसं सांग. नसेल तर मी आज सांगतो आहे.

दुसऱ्या दिवशी तुझ्या हाताने वाजवलं नाही, दादा. तो वाजवूच शकत नव्हता. त्याने तुला अकरा वेळा सांगितलं आणि मी तुला सांगितलं की तो खोटं बोलतो. दुखणं हातातच होतं. त्यानंतर जे झालं ते तुझ्या हट्टाने झालं असं तू सगळ्यांना सांगतोस. ते तसं नाही. डॉक्टरांकडेही मी गप्प बसलो होतो. त्यांचा जुना कागद तुझ्याकडे असेल तर त्यावरची ती ओळ चूक आहे.

डावी बाजू मात्र पूर्ण तुझी आहे. पहिल्या दिवशी, एका दमात. त्यात मी काहीही केलेलं नाही. नऊ वर्षं मी तेवढीच ऐकतो.

आता सराव बंद कर. या आठवड्यात हात दाखव, आणि खरं काय ते सांग, की पहिल्यांदा सुजल्यावर दुसऱ्या दिवशी तो चाललाच नव्हता. तू म्हणशील तर मी बरोबर येईन आणि मीच सांगेन. डिसेंबरला गाणं व्हावं असं वाटत असेल तर डावी बाजू रेकॉर्डिंगमधलीच लावू, ती तुझीच आहे. उजवी मी तिथे उभं राहून वाजवीन, वर-खाली, सगळ्यांसमोर. तू पुढच्या रांगेत बस.

हे वाचून तू मला दुकानात येऊ नको म्हणालास तर मी येणार नाही. पण तसं सांगायलासुद्धा तू फोन उजव्या हातात धरू नको.

तुझा,
सावनेरवाला