ताईचं फडताळ

तेहेतीस वर्षं खोकेवाल्याने लोकांची घरं खोक्यांत भरून दुसरीकडे पोचवली. बदली, वाटणी, भांडण, मरण, कारण काहीही असो, हा माणूस दारात उभा राहायचा, घरावरून एकदा नजर फिरवायचा आणि सांगायचा, "बावीस खोकी. गाद्या वेगळ्या." तेवीस कधी झाली नाहीत. बोलण्याच्या नावाने मात्र आनंद. घर सोडताना रडणाऱ्या बायका त्याने ढिगाने पाहिल्या. एकीची समजूत घातली असेल तर शपथ. आपला चिकटपट्टी ओढत राहायचा.

अशा माणसाची थोरली बहीण आज हॉस्पिसमध्ये जायची होती. तिथे बरं करायला नेत नाहीत, दुखणं आवरायला नेतात. कॅन्सर यकृतात उतरला होता आणि डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं: तीन आठवडे, फार तर पाच. ताईने लग्न केलं नाही, आणि का नाही याचा जबाबही कुणाला दिला नाही. शाळेत गणित शिकवलं, आईवडलांमागे या धाकट्याला वाढवलं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत एकतीस वर्षं राहिली.

तिने भावाकडे एकच मागितलं होतं. "मी आहे तोवर घर हलवायचं नाही. निघेन तेव्हा मागे घर असू दे माझं. नंतर काय घालायचा तो गोंधळ घाल."

"बरं," तो म्हणाला होता.

बायकोने सकाळी त्याला पढवून पाठवलं: जवळ बसा, हात धरा, धीराचे दोन शब्द बोला. तो बसला. हात धरला. शब्द आले नाहीत. गोळीच्या गुंगीत ताईचा डोळा लागला. अँब्युलन्स अकराला यायची होती, आणि आत्ता कुठे दहा वाजत होते. आत सगळं सुन्न. दुःख म्हणावं तर तेही नाही. दाढेत इंजेक्शन मारल्यावर गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं काहीतरी.

पाणी प्यायला म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. फडताळाशेजारी रद्दीचा गठ्ठा होता.

पुढचं त्याला नंतर नीट आठवेना. हातांना मात्र सगळं पाठ होतं. आधी कप, कानाभोवती कागदाची जास्तीची घडी. बशा उभ्या, आडव्या कधीच नाहीत. दोन बरण्यांच्या मध्ये फडकं.

"काय चाललंय रे?"

मधलं दार उघडंच होतं. कागदाच्या करकरीने ताई जागी झाली होती आणि पलंगावरून थेट बघत होती. त्याने हातातल्या पेल्याकडे पाहिलं. मग फडताळाकडे. रिकामं. ओट्यावर पुडक्यांची रांग.

"मेले नाहीये अजून," ताई म्हणाली.

"ताई... हात चालू झाले गं."

"हात! आणि डोकं कुठल्या खोक्यात भरलंस?"

हातातला पेला घेऊन तो मधल्या दारात आला.

"तोंड काय बघतोस? सोड ते सगळं. होतं तसं लाव."

"गाडी येईल ना."

"थांबेल. मला काय पहिल्या तासाला पोचायचंय?"

मग पठ्ठ्या उलट्या कामाला लागला, आणि इथे त्याची खरी पंचाईत झाली. नव्या घरी खोकी उतरवली की याचं काम संपायचं. उघडून लावायची मालकांनी. कुठली वस्तू कुठे राहते याकडे त्याने जन्मात लक्ष दिलं नव्हतं. ताई उशीवरून सांगू लागली.

"निळी बरणी खाली. खाली म्हणजे खाली! पेले पालथे. तो टवका उडालेला कप पुढे, रोज लागतो मला."

लागतो, म्हणाली. त्याने तो पुढे ठेवला.

मध्येच तिला धाप लागायची. तो भांडं हातात धरून तसाच थांबायचा. तिने पुढची जागा सांगितली की पुन्हा सुरू.

अँब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली तेव्हा चार बशा बाकी होत्या. "दोन मिनिटं," खोकेवाला म्हणाला, आणि त्या चारही लावल्या. एकाने घड्याळ पाहिलं. पाहू दे.

इमारतीला लिफ्ट नव्हती. पहिल्याच वळणावर स्ट्रेचर अडलं, तसा हा पुढे झाला. "डोक्याकडची बाजू वर घ्या. आता फिरवा. कठडा सांभाळा, कठडा!"

"कपाट समजलास का मला?"

"कपाट उलट बोलत नाही."

ताई हसली, नाहीतर खोकली असेल.

खाली ड्रायव्हरने मागचं दार उघडलं. खोकेवाल्याच्या हातात एकच पिशवी होती: दोन गाऊन, चष्मा, रेडिओ.

"सामान एवढंच?"

खोकेवाल्याने ताईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते, पण चेहरा त्याच्याकडे वळलेला होता.

"एवढंच," तो म्हणाला. "बाकीचं घरी आहे. जागच्या जागी."

ताईने डोळे न उघडताच मान हलवली. तो गाडीत चढला आणि तिच्या पायांशी बसला.