भाऊंचं मंत्रिपद

आमचे हे अकोल्याला शेतीचं शिक्षण घेत होते, तेव्हा पश्चिम आफ्रिकेतला एक विद्यार्थी त्यांच्या खोलीत राहायचा. त्याला त्याच्या सरकारनं शिकायला पाठवलं होतं. सुट्टीत एवढ्या लांब जाणं व्हायचं नाही, म्हणून तो वरवट बकालला आमच्या घरी यायचा. माझं नुकतंच लग्न झालेलं. पहिल्याच दिवशी भाकरी पाहून तो म्हणाला, आमच्याकडेही हीच ज्वारी, पण आम्ही तिचा घट्ट घाटा करतो. आमच्या घरात राहून तो आमच्यासारखंच बोलायला लागला. मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भाऊ.

पुढे भाऊ त्यांच्या देशात शेतीमंत्री झाले. त्या दिवशी ह्यांनी अख्ख्या गावात पेढे वाटले. लोकांना देशाचं नाव नीट घेता येत नव्हतं, पण आपल्या गावात राहिलेला माणूस मंत्री झाला एवढं त्यांना पुरलं.

मग तिथं लष्करानं सत्ता घेतली. खत खरेदीत गडबड केली म्हणून भाऊंना तुरुंगात टाकलं. हे तेव्हा धड जेवत नव्हते. रोज मोबाईलवर तिथल्या बातम्या शोधायचे. बऱ्याच महिन्यांनी भाऊ सुटले, आणि ज्यांनी आत टाकलं त्याच लष्करानं त्यांना पुन्हा मंत्री केलं.

ह्यांनी फोनवर विचारलं, "काऊन गेला बे त्यांच्यात?"

"नाही म्हणालो असतो तर पुन्हा आत गेलो असतो," भाऊ म्हणाले. "अन् मले दुसरं काय येते?"

ह्यांना ते पटलं नाही. आठवडाभर त्यांनी फोन उचलला नाही. मग स्वतःहूनच केला.

मागच्या हिवाळ्यात हे हरभऱ्याला पाणी द्यायला गेले, बांधावर टेकले आणि तिथेच गेले. दहावं झाल्यावर मी भाऊंना कळवलं. ते बैठकीतून बाहेर आले होते. पलीकडे माणसांचा आवाज येत होता. भाऊ म्हणाले, "वहिनी, जेवल्या का?"

"हाव," मी म्हणाले. जेवले नव्हते.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी भाऊंना न्यायला सरकारी गाडी आलीच नाही. त्यावरून त्यांना कळलं की आपलं पद गेलं. दुपारपर्यंत फाटकावर शिपाई उभे राहिले. चौकशी संपेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, असा हुकूम होता. ही गोष्ट त्यांनीच मला फोनवर सांगितली. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. ऐकताना हात थांबला नाही. हे असते तर रात्रभर झोपले नसते, एवढंच मनात आलं.

मग भाऊ रविवारी फोन करू लागले. फार बोलणं नसायचं. त्यांच्याकडे कोंबडा आरवायचा, माझ्याकडे मिक्सर चालू असायचा.

एकदा मी विचारलं, "भेव वाटते का, भाऊ?"

"मागल्या वेळी वाटलं होतं. आता काहीच वाटत नाही."

"मलेही काहीच नाही वाटत," मी म्हणाले. हे मी पोरांनाही सांगितलं नव्हतं. भाऊंनी कारण विचारलं नाही, समजूतही घातली नाही. मला ते बरं वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही.

पावसाळ्याच्या शेवटी चौकशी बंद झाली. शिपाई निघून गेले. त्याच लष्करानं भाऊंना पुन्हा मंत्रिपदासाठी बोलावलं.

"तो असता तर काय म्हणाला असता?" भाऊंनी विचारलं.

"ते भांडले असते तुमच्याशी."

"हाव. अन् तुम्ही काय म्हणता?"

मी विचार करून पाहिला. "मले नाही समजत, भाऊ," मी म्हणाले.

भाऊ पुन्हा मंत्री झाले. शपथेचा फोटो त्यांनी पाठवला. कोट अंगावर सैल झाला होता. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी अभिनंदन म्हणाले. भाऊ नुसते "हं" म्हणाले. मग त्यांच्या खोलीत कोणीतरी आलं.

"ठेवतो, वहिनी."

"ठेवा," मी म्हणाले.